ठाणे व नवी मुंबईतील लहान व्यवसायासाठी सरकारी अनुदान आणि कर्ज: योजना कशी निवडावी, अर्ज कसा करावा

व्यवसायासाठी सरकारी मदत शोधणाऱ्या बहुतेकांची अशी समजूत असते की अर्ज मंजूर झाला की शासन पैसे देते आणि त्या पैशातून व्यवसाय उभा राहतो. प्रत्यक्षात राज्याच्या आणि केंद्राच्या जवळजवळ सर्व मोठ्या योजनांत पैसे बँक देते. शासन त्या कर्जाचा काही भाग अनुदान म्हणून फेडते, किंवा व्याज परत करते, किंवा बँकेला हमी देते. म्हणून जे प्रकरण बँकेच्या कसोटीला उतरत नाही ते कोणत्याही योजनेत बसत नाही, आणि जे बँकेला पटते त्याला योग्य योजना जोडता येते. पुढील सर्व माहिती याच क्रमाने मांडली आहे, कारण योजना आधी आणि व्यवसायाचा हिशेब नंतर असा उलटा क्रम धरल्यामुळे अनेक चांगली प्रकरणे महिनोन्महिने रखडतात.

आधी जिल्हा आणि हद्द निश्चित करावी

आपल्या भागात हा प्रश्न इतर ठिकाणांपेक्षा अधिक गुंतागुंतीचा आहे. नवी मुंबई हे एकच शहर मानले जात असले, तरी दिघा-ऐरोलीपासून सीबीडी बेलापूरपर्यंतचा महापालिकेचा भाग ठाणे जिल्ह्यात येतो, तर खारघर, कामोठे, कळंबोली आणि नवीन पनवेल हे नोड पनवेल महानगरपालिकेत, म्हणजे रायगड जिल्ह्यात येतात. त्यामुळे सानपाड्याच्या अर्जदाराचे प्रकरण ठाण्याच्या जिल्हा उद्योग केंद्राकडे जाते आणि खारघरच्या अर्जदाराचे अलिबागच्या केंद्राकडे. योजनेच्या ऑनलाइन अर्जाच्या पोर्टलवर जिल्हा निवडताना राहत्या घराचा नव्हे, तर व्यवसाय जिथे चालणार आहे त्या जागेचा जिल्हा पाहावा, आणि दोन्ही पत्ते वेगवेगळ्या जिल्ह्यांत असतील तर अर्ज करण्यापूर्वीच केंद्रात जाऊन कोणता जिल्हा धरायचा ते विचारून घ्यावे.

दुसरा मुद्दा शहरी आणि ग्रामीण या भेदाचा आहे, कारण अनुदानाचा दर त्यावर ठरतो. घणसोली, करावे, दिवाळे, तळवली ही मूळची गावे आहेत आणि आजही आपण त्यांना गावेच म्हणतो, पण ती महापालिका हद्दीत असल्यामुळे त्यांना शहरी दरच लागू होतो. याउलट मुरबाड, शहापूर किंवा भिवंडी तालुक्यातील एखाद्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत उद्योग उभारला, तर अर्जदार कळव्यात राहत असला तरी ग्रामीण दर मिळू शकतो, कारण दर उद्योगाच्या जागेवरून ठरतो. भाडे, वाहतूक, कामगारांची उपलब्धता आणि विजेचा दाब या सर्वांचा विचार करून मगच असा निर्णय घ्यावा. केवळ दहा टक्के जादा अनुदानासाठी ग्राहकांपासून साठ किलोमीटर दूर जाणे सहसा परवडत नाही.

याच संदर्भात शासनाच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. या योजनेत तालुक्यांचे गट केलेले असतात आणि ठाणे व नवी मुंबईचा शहरी पट्टा विकसित म्हणजे ‘अ’ गटात मोडतो. मागास तालुक्यांतील कारखान्यांना मिळणाऱ्या मोठ्या सवलतींच्या बातम्या वाचून वागळे इस्टेटमधील किंवा रबाळे-महापे पट्ट्यातील लहान कारखानदाराने तशीच अपेक्षा धरू नये.

मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम

राज्य शासनाच्या उद्योग विभागाने २०१९ मध्ये सुरू केलेली ही योजना नवीन उद्योग सुरू करणाऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. ती फक्त नवीन उत्पादन, सेवा आणि कृषिपूरक उद्योगांना लागू आहे. चालू व्यवसायाच्या विस्तारासाठी किंवा निव्वळ खरेदी-विक्रीच्या दुकानासाठी ती नाही. सुरुवातीला उत्पादन उद्योगासाठी ५० लाख आणि सेवा उद्योगासाठी १० लाख रुपये अशी प्रकल्प खर्चाची कमाल मर्यादा होती. पुढे या मर्यादा वाढवण्यात आल्या, त्यामुळे जुन्या माहितीपत्रकावर विसंबून न राहता अर्ज भरण्याच्या दिवशी पोर्टलवरील मर्यादा पाहून घ्यावी.

अनुदानाचे दर असे आहेत. सर्वसाधारण प्रवर्गातील अर्जदाराला शहरी भागात प्रकल्प खर्चाच्या १५ टक्के आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान मिळते व त्याने स्वतःचे १० टक्के भांडवल घालायचे असते. अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, महिला, माजी सैनिक आणि दिव्यांग हे विशेष प्रवर्गात येतात. त्यांना शहरी भागात २५ टक्के आणि ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान असून स्वतःचे भांडवल केवळ ५ टक्के लागते. उरलेली रक्कम बँकेचे कर्ज असते.

एक उदाहरण घेऊ. ऐरोलीतील एखादी महिला शाळेचे गणवेश शिवण्याचा १० लाख रुपयांचा उद्योग सुरू करू इच्छिते. तिचे स्वतःचे ५० हजार, अनुदान अडीच लाख आणि बँकेचा भार सात लाख असे गणित होते. हाच उद्योग मुरबाडच्या ग्रामीण भागात असता तर अनुदान साडेतीन लाख आणि कर्ज सहा लाख झाले असते. ऐरोलीतच सर्वसाधारण प्रवर्गातील पुरुषाने हा उद्योग काढला तर त्याला एक लाख स्वतःचे घालावे लागतील, दीड लाख अनुदान मिळेल आणि साडेसात लाख कर्ज राहील. पती-पत्नींपैकी एकालाच लाभ घेता येतो, त्यामुळे अर्ज कोणाच्या नावाने करायचा हे ठरवताना हा फरक लक्षात घ्यावा. मात्र व्यवसाय खरोखर ती व्यक्तीच चालवणार असली पाहिजे, कारण बँकेचा अधिकारी प्रश्न तिलाच विचारणार आहे आणि कर्जाची जबाबदारीही तिच्यावरच राहणार आहे.

प्रकल्प खर्चाच्या रचनेलाही मर्यादा आहे. किमान निम्मा खर्च यंत्रसामग्रीवर असावा लागतो, बांधकामावर २० टक्क्यांहून अधिक आणि खेळत्या भांडवलावर (कच्चा माल, पगार अशा रोजच्या खर्चाच्या पैशावर) ३० टक्क्यांहून अधिक दाखवता येत नाही, आणि जमिनीची किंमत प्रकल्पात धरलीच जात नाही. आपल्याकडे याचा अर्थ असा की गाळा विकत घेण्यासाठी या योजनेचा उपयोग नाही. तुर्भे किंवा वागळे इस्टेटमध्ये गाळ्याची किंमत यंत्रांच्या किमतीच्या कित्येक पट असते, म्हणून जागा भाड्याची आणि यंत्रे कर्जाची, हीच रचना येथे व्यवहार्य ठरते.

मूळ नियमांनुसार दहा लाखांपेक्षा मोठ्या प्रकल्पासाठी अर्जदार किमान सातवी उत्तीर्ण आणि पंचवीस लाखांपेक्षा मोठ्या प्रकल्पासाठी दहावी उत्तीर्ण असावा लागतो. महाराष्ट्राचा अधिवास आवश्यक आहे आणि यापूर्वी केंद्र किंवा राज्याच्या अशाच योजनेतून अनुदान घेतलेले नसावे. केंद्राचा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमही जवळजवळ याच दरांनी चालतो, तेथे उत्पादनासाठी ५० लाख आणि सेवेसाठी २० लाख अशी मर्यादा आहे. दोन्हींपैकी एकाचाच लाभ घेता येतो.

खाद्यपदार्थांच्या उद्योगासाठी वेगळी वाट

मसाले, पापड, फरसाण, लोणची, बेकरीचे पदार्थ किंवा सुकी मासळी यांवर प्रक्रिया करणाऱ्यांनी वरील योजनेआधी केंद्राची सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या या योजनेत पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, अनुदान मिळते, आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा दर प्रवर्गावर किंवा शहरी-ग्रामीण भेदावर अवलंबून नाही. ठाणे शहरातील सर्वसाधारण प्रवर्गातील तरुणाला मसाल्याचा कारखाना काढायचा असेल, तर एका योजनेत १५ टक्के आणि दुसरीत ३५ टक्के असा हा फरक आहे. शिवाय येथे आधीपासून चालू असलेला उद्योगही यंत्रे वाढवण्यासाठी पात्र ठरतो. उपाहारगृह किंवा पोळी-भाजी केंद्र मात्र यात बसत नाही, कारण योजना प्रक्रिया उद्योगासाठी आहे.

महाराष्ट्रात ही योजना कृषी विभाग राबवतो. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात. प्रकल्प अहवाल तयार करण्यापासून बँकेत पाठपुरावा करण्यापर्यंत मदत करणे हे त्यांचे काम असून त्यांचे मानधन शासन देते, म्हणून अर्जदाराने त्यांना वेगळे शुल्क देण्याचा प्रश्न येत नाही. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात त्यांची यादी मिळते. वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीतून घाऊक मिरची, हळद आणि धणे सहज मिळत असल्याने नवी मुंबईतील लहान मसाला उद्योगाला कच्च्या मालाची अडचण नसते. अडचण येते ती जागेची आणि वासाविषयीच्या तक्रारींची, म्हणून निवासी इमारतीतील गाळा घेण्यापूर्वी सोसायटीचे ना हरकत पत्र लेखी घ्यावे. योजना ठरावीक मुदतीसाठी मंजूर होत असल्याने चालू आर्थिक वर्षात अर्ज स्वीकारले जात आहेत याची खात्री आधी करावी.

व्याज परत देणारी महामंडळे

एकरकमी अनुदानापेक्षा व्याज परतावा काही वेळा अधिक लाभाचा असतो आणि अनेकांचे तिकडे लक्ष जात नाही. अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळ प्रामुख्याने मराठा समाजातील अर्जदारांना बँकेच्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर १२ टक्क्यांच्या मर्यादेत व्याज परत देते; हा परतावा एकूण साडेचार लाखांपर्यंत असू शकतो. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असावे लागते.

येथे हिशेब करून पाहण्यासारखा आहे. दहा लाखांचे कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर एकूण व्याज सुमारे तीन लाख पाच हजार रुपये होते आणि ते सर्व परत मिळू शकते. त्याच अर्जदाराला मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात सर्वसाधारण प्रवर्गातून ठाणे शहरात दहा लाखांच्या प्रकल्पावर दीड लाख मिळाले असते. शिवाय दुकानासारखा व्यापारी व्यवसायही येथे चालतो. मात्र दोन अटी कडक आहेत. पहिली अशी की महामंडळाचे पात्रता प्रमाणपत्र कर्ज घेण्यापूर्वी मिळवायचे असते. आधी कर्ज घेऊन नंतर महामंडळाकडे गेल्यास लाभ मिळत नाही. दुसरी अशी की हप्ता आधी स्वतः भरायचा आणि मग परताव्याची मागणी करायची असते, व हप्ता वेळेवर भरला असेल तरच त्यातील व्याज परत येते. म्हणून ज्यांच्याकडे पहिल्या काही महिन्यांचे हप्ते भरण्याइतकी गंगाजळी आहे, त्यांच्यासाठी हा मार्ग उत्तम. ज्यांची पहिल्या हप्त्यापासूनच ओढाताण होणार आहे, त्यांनी एकरकमी अनुदानाची योजना पाहावी.

इतर समाजांसाठीही स्वतंत्र महामंडळे आहेत. अनुसूचित जाती व नवबौद्ध अर्जदारांसाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ, मातंग समाजासाठी लोकशाहीर अण्णाभाऊ साठे महामंडळ, चर्मकार समाजासाठी संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ, विमुक्त व भटक्या जमातींसाठी वसंतराव नाईक महामंडळ, आदिवासींसाठी शबरी महामंडळ, अल्पसंख्याकांसाठी मौलाना आझाद महामंडळ आणि इतर मागासवर्गीयांसाठी राज्याचे वित्त आणि विकास महामंडळ. नवी मुंबईतील मूळ भूमिपुत्रांपैकी आगरी समाज इतर मागासवर्गात मोडतो. या घरांतील अनेक तरुणांकडे जातीचा दाखला काढलेलाच नसतो, आणि तो काढण्यात जाणाऱ्या वेळेमुळे प्रकरण तितकेच लांबते. म्हणून व्यवसायाचा विचार मनात येताच आपले सरकार पोर्टलवरून दाखल्याचा अर्ज करून टाकावा.

महिलांनी पर्यटन क्षेत्रातील व्यवसायासाठी राज्याची ‘आई’ योजना पाहावी. तीत १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याज साडेचार लाखांच्या मर्यादेत परत मिळते. ‘उद्योगिनी’ नावाच्या योजनेचे संदेश मात्र महाराष्ट्रातील महिलांमध्ये फिरत असतात. ती कर्नाटक शासनाची योजना आहे आणि तिच्यासाठी येथे कोणी अर्ज भरून देतो म्हणत असेल तर त्याला एक रुपयाही देऊ नये.

कमी रकमेची गरज असेल तर

किराणा दुकान, मोबाइल दुरुस्ती, झेरॉक्स, भाजीचा गाळा अशा व्यवसायांना पाच लाखांपर्यंतची गरज असते. त्यांनी अनुदानाच्या मागे न लागता सरळ मुद्रा कर्ज घ्यावे. शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात पाच लाखांपर्यंत आणि तरुण गटात दहा लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. तरुण गटातील कर्ज व्यवस्थित फेडणाऱ्यांसाठी २०२४ पासून २० लाखांपर्यंतचा तरुण प्लस गट आहे. यात अनुदान नाही, पण निर्णय लवकर होतो आणि वेळेवर फेड केल्यास पुढील मोठ्या कर्जासाठी नाव तयार होते. रस्त्यावरील विक्रेत्यांसाठी स्वनिधी योजनेत १५ हजार, नंतर २५ हजार आणि नंतर ५० हजार अशा टप्प्यांनी कर्ज आणि ७ टक्के व्याज अनुदान आहे. त्यासाठी महापालिकेचे विक्री प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र लागते. शिंपी, सुतार, लोहार, नाभिक, मूर्तिकार, तसेच होड्या बांधणारे आणि जाळी विणणारे यांच्यासह १८ पारंपरिक व्यवसायांसाठी विश्वकर्मा योजना आहे: प्रशिक्षण, १५ हजारांचे अवजार-साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाख व नंतर दोन लाख रुपयांचे कर्ज.

तारणाचा प्रश्न

लहान उद्योजकाला बँकेत सर्वांत आधी घराची कागदपत्रे मागितली जातात, आणि येथेच अनेकजण माघार घेतात. सूक्ष्म व लघु उद्योगांना निदान १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यापुढील रकमेसाठी सूक्ष्म व लघु उद्योग पतहमी निधी आहे. १ एप्रिल २०२५ पासून तो १० कोटींपर्यंतच्या कर्जाला हमी देतो आणि त्याचे वार्षिक शुल्क बहुतेक वेळा कर्जदाराकडून घेतले जाते. शाखेत बोलताना ‘तारण नाही’ एवढेच सांगण्याऐवजी ‘हे प्रकरण पतहमी निधीखाली घ्यावे’ अशी नेमकी विनंती लेखी करावी. ही हमी बँकेला असते, कर्जदाराला नव्हे. कर्ज बुडाले तर वसुली कर्जदाराकडूनच होते, हेही ध्यानात असावे.

फाइल कशी तयार करावी

अर्ज भरण्याच्या निदान तीन महिने आधी स्वतःचा सिबिल अहवाल, म्हणजे आजवरच्या कर्जफेडीची नोंद, काढावा. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा तो पूर्ण स्वरूपात मोफत मिळतो. क्रेडिट कार्डाची विसरलेली छोटी थकबाकी किंवा मित्राच्या कर्जाला दिलेली जामीन यांमुळे प्रकरण अडते, आणि ती दुरुस्ती अहवालात दिसायला वेळ लागतो.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची केंद्र सरकारकडील नोंदणी, मोफत असून आधार आणि पॅनच्या आधारे घरबसल्या होते. १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म गणला जातो, त्यामुळे हा लेख वाचणारे बहुतेकजण त्याच गटात असतील. मात्र नवीन उद्योगाच्या योजनेत अर्ज करायचा असेल तर सावध राहावे: उद्यम प्रमाणपत्रावर व्यवसाय सुरू झाल्याची जुनी तारीख असेल, तर आपला उद्योग चालू असल्याचा तो लेखी पुरावा ठरतो आणि अर्ज अपात्र होतो. त्याच कारणासाठी कर्ज मंजूर होण्यापूर्वी यंत्रे विकत घेऊ नयेत. विक्रेता सवलतीची मुदत संपत असल्याचे सांगेल, तरीही केवळ दरपत्रक घेऊन थांबावे.

जागेचा भाडेकरार नोंदणीकृत असावा. अकरा महिन्यांचा करार येथे सर्रास होतो, पण पाच वर्षांचे कर्ज देणारी बँक त्यावर समाधानी होत नाही, म्हणून मालकाशी बोलून तीन ते पाच वर्षांचा करार करून घ्यावा, त्यासाठी थोडे अधिक मुद्रांक शुल्क गेले तरी चालेल. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील किंवा वागळे इस्टेटमधील औद्योगिक गाळा पोटभाड्याने घेत असल्यास मूळ भूखंडधारकाने औद्योगिक विकास महामंडळाची तशी परवानगी घेतली आहे का, हे कागदावर पाहावे. ती नसेल तर वीजजोडणीचा भार वाढवताना आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घेताना अडचण येते.

प्रकल्प अहवाल हा या सर्वांचा गाभा आहे आणि तो दुसऱ्याकडून लिहून घेतला तरी त्यातील प्रत्येक आकडा स्वतःला सांगता आला पाहिजे. बाजारात मिळणाऱ्या तयार अहवालांत पहिल्या वर्षी क्षमतेच्या ८० टक्के उत्पादन दाखवलेले असते, आणि अनुभवी अधिकाऱ्याचा विश्वास तेथेच उडतो. त्याऐवजी ग्राहकांची नावे, माल घेण्याची तयारी दर्शवणारी त्यांची आशयपत्रे, दर महिन्याची संभाव्य विक्री आणि भाडे, वीज, पगार वजा जाता उरणारी रक्कम इतके प्रामाणिकपणे लिहावे. हप्ता आणि व्याज भरण्यासाठी जितके लागते त्याच्या दीडपट रक्कम दरवर्षी हाती राहत असेल, तर प्रकरण भक्कम समजले जाते. हा हिशेब अनुदान धरून न करता अनुदानाशिवाय करावा. ऐरोलीच्या गणवेश उद्योगाच्या उदाहरणात स्वतःचे ५० हजार वगळता उरणाऱ्या साडेनऊ लाखांवर ११ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता सुमारे २०,६५० रुपये येतो आणि अनुदान वजा जाता सात लाखांवर तो सुमारे १५,२०० रुपये येतो. वीस हजारांचा हप्ता झेपणार नसेल, तर प्रकल्पच लहान करावा.

खेळत्या भांडवलाकडे मात्र बहुतेक अहवाल दुर्लक्ष करतात. मोठ्या कंपन्यांसाठी सुटे भाग बनवणाऱ्याचे पैसे दोन-तीन महिने अडकतात आणि यंत्र असूनही कच्चा माल आणता येत नाही. लहान उद्योगाला अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या २० टक्के इतके खेळते भांडवल बँकेकडून मिळावे, ही रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीची पद्धत बँका आजही वापरतात; म्हणून मुदत कर्जासोबत कॅश क्रेडिटची (गरजेनुसार उचलून फेडता येणाऱ्या खेळत्या भांडवलाच्या कर्जाची) मागणी त्याच अर्जात करावी.

शाखेत गेल्यावर

ऑनलाइन अर्ज भरताना जी शाखा निवडायची तिच्या व्यवस्थापकाला आधी भेटून यावे, आणि शक्यतो उद्योगाच्या जागेजवळची, जिथे आपले खाते चालू आहे अशी शाखा निवडावी. जिल्हा उद्योग केंद्रातील छाननीनंतर शिफारस बँकेकडे जाते, पण शिफारस म्हणजे मंजुरी नव्हे. शाखेत अर्ज पोहोचला की पोच घ्यावी. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या २५ लाखांपर्यंतच्या अर्जावर सर्व कागदपत्रे पूर्ण असल्यास १४ कामकाजी दिवसांत निर्णय व्हावा, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले आहे. कागदपत्रे पूर्ण झाल्याची तारीख लेखी नोंदलेली असेल तरच या मुदतीचा उपयोग होतो, म्हणून प्रत्येक कागद ई-मेलने किंवा शिक्का घेऊन द्यावा.

अर्ज नाकारला तर कारण लेखी मागावे. तो आपला अधिकार आहे. तोंडी उत्तर घेऊन परत येणाऱ्याकडे पुढे जाण्यासाठी काहीच उरत नाही. लेखी कारण हातात असल्यास त्रुटी दूर करून दुसऱ्या बँकेकडे जाता येते किंवा जिल्ह्यातील बँकांच्या कर्जवाटपाचा समन्वय करणाऱ्या जिल्हा अग्रणी बँक व्यवस्थापकांकडे प्रकरण नेता येते. ठाणे जिल्ह्याची अग्रणी बँक बँक ऑफ महाराष्ट्र आहे, तर रायगडची बँक ऑफ इंडिया. बँकेकडे केलेल्या लेखी तक्रारीला ३० दिवसांत समाधानकारक उत्तर न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन आणि विनाशुल्क तक्रार करता येते.

मध्यस्थांविषयी एवढेच सांगतो की या योजनांचे अर्ज मोफत आहेत आणि कोणत्याही दलालाच्या हाती मंजुरी नाही. सनदी लेखापालाला किंवा अहवाल तयार करणाऱ्याला त्याच्या कामाचे ठरलेले शुल्क पावती घेऊन जरूर द्यावे, पण अनुदानाच्या टक्केवारीत पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावे. मंजुरीच्या आधी आगाऊ रक्कम मागणारा तर निश्चितच फसवत असतो.

मंजुरीनंतरची तीन वर्षे

मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात मंजुरीनंतर उद्योजकता प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. ते टाळल्यास बँकेला अनुदानाची मागणीच पाठवता येत नाही. बँकेने कर्ज वितरित केल्यावर अनुदान शासनाकडून बँकेत येते, पण ते अर्जदाराच्या हाती पडत नाही. ते तीन वर्षे मुदत ठेव म्हणून बँकेत राहते. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर बँकेने व्याजही आकारायचे नसते. खात्याच्या उताऱ्यात हे व्याज लागले आहे का, हे दर तिमाहीस तपासावे, कारण शाखा बदलणाऱ्या कर्मचाऱ्यांकडून ही नोंद राहून जाऊ शकते.

तीन वर्षांनी प्रत्यक्ष पाहणी होते आणि उद्योग चालू असल्यास अनुदान कर्जात वळते केले जाते. त्याआधी उद्योग बंद पडला किंवा खाते थकीत झाले तर अनुदान परत जाऊ शकते. पाहणीच्या दिवशी यंत्रांची मूळ बिले, त्यांवरील अनुक्रमांक, विजेची बिले, विक्रीच्या नोंदी आणि गाळ्याबाहेर योजनेच्या उल्लेखासह फलक असावा. भाडे वाढल्यामुळे गाळा बदलण्याची वेळ आपल्या भागात हमखास येते. अशा वेळी यंत्रे हलवण्यापूर्वी बँक आणि जिल्हा उद्योग केंद्र या दोघांनाही नवीन पत्ता व करार लेखी कळवून त्यांची संमती घ्यावी. अन्यथा पाहणीस आलेल्या अधिकाऱ्याला जुन्या पत्त्यावर कुलूप दिसते आणि चालू असलेला उद्योग कागदोपत्री बंद म्हणून नोंदला जातो.